घरात सहा माणसं आणि एक पिस्तूल: डॅलसजवळच्या एका मराठी घराचं प्रकरण

अमेरिकेत टेक्सस राज्यातल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातलं हे दुमजली घर. नवरा 46 वर्षांचा, बायको 42 वर्षांची, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी 15 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा. वर्षातले काही महिने नवऱ्याचे आईवडील पुण्याहून येऊन राहतात. मी या भागात पिस्तूल सुरक्षितपणे हाताळायचं शिक्षण देते आणि अलीकडे माझ्याकडे भारतीय घरांतली माणसं बरीच येऊ लागली आहेत. या कुटुंबाच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दिवाळीच्या आठवड्यात त्यांच्या मागच्या रस्त्यावरच्या एका तेलुगू कुटुंबाचं घर फोडलं गेलं आणि सोनं गेलं. घरात कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. पण त्यानंतर व्हॉट्सॲपच्या गटात जुन्या बातम्या फिरू लागल्या. त्यातली एक खरी आहे आणि ती जाणून घ्यावी अशीच आहे. 2011 ते 2014 या काळात जॉर्जिया, न्यू यॉर्क, ओहायो, मिशिगन आणि टेक्सस या राज्यांत एका टोळीनं आशियाई आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांची घरं हेरून, माणसं घरात असताना आत घुसून दरोडे घातले. टोळीच्या म्होरक्या बाईला 2019 साली मिशिगनमधल्या फेडरल न्यायालयानं 37 वर्षांची शिक्षा सुनावली. आपल्या घरात सोनं असतं हे चोरांना ठाऊक आहे. त्यामुळे या जोडप्याची भीती हवेतली नव्हती.

नवरा आला तो फोनमध्ये खरेदीची यादी घेऊनच. .45 चं (हा गोळीचा व्यास, इंचात) मोठं 1911 नावाचं पिस्तूल, त्यावर लेझर, दिवा, पुढे कॉम्पेन्सेटर (धक्का कमी करणारा नळीचा जोड), हलका करून घेतलेला चाप (ट्रिगर) आणि जमलं तर सायलेन्सर. बायकोची मागणी एका वाक्याची होती. "ताई, मुलांच्या हाती लागणार नाही अशी खात्री असेल तरच मला ते घरात चालेल." मी तिच्या वाक्यापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत तेच धरून राहिले. पिस्तूल निवडणं म्हणजे घरातल्या माणसांचा विचार करणं असं मी मानते. कोण कुठे झोपतं, कोण रात्री उठतं, कुणाच्या हातात किती जोर आहे, कुणाचा व्हिसा कुठला आहे, हे कळल्याशिवाय मी कुणाला एकही मॉडेल सुचवत नाही.

आधी कायदा

टेक्ससमध्ये घरात पिस्तूल ठेवायला राज्याचा परवाना लागत नाही. 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या, कायद्यानं अपात्र न ठरलेल्या माणसाला ते अंगावर बाळगायलाही लागत नाही. यातून आपल्या लोकांचा एक घातक समज होतो की इथे कुणीच कुणाला अडवत नाही. अडवतो तो फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1, बी-2 अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस विकत घेणंच काय, ताब्यात ठेवणंही गुन्हा आहे. याला मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे शिकारीचा वैध परवाना. त्या वाटेनं जायचं असेल तर आधी वकिलाला विचारावं, मित्राला नाही. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही आडकाठी नाही.

या दोघांचं ग्रीन कार्ड बऱ्याच वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आलं होतं, त्यामुळे खरेदीचा मार्ग सरळ होता: परवानाधारक दुकान, 4473 क्रमांकाचा फॉर्म, त्यात आपला एलियन नंबर (परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक), मग फेडरल यंत्रणेची पार्श्वभूमी तपासणी. दुकानातून पिस्तूल घ्यायला वय 21 पूर्ण लागतं. फॉर्मवर पहिल्या काही प्रश्नांतच विचारतात की ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात ना. नवऱ्याच्या कचेरीतला एक मित्र एच-1बीवर होता आणि "तू घेतोच आहेस तर माझ्यासाठीही एक घे" असं म्हणून चुकला होता. 2022 च्या कायद्यानं दुसऱ्यासाठी अशी खरेदी करणं हा स्वतंत्र फेडरल गुन्हा झाला आहे आणि त्याला 15 वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय नागरिक न झालेल्या माणसाला शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर तेवढ्यावरून त्याला देशाबाहेर काढता येतं. ग्रीन कार्डवाल्यानं हे वाक्य दोनदा वाचावं.

सगळ्यात नाजूक विषय आजोबांचा होता. ते भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले, हत्यार त्यांना परकं नाही. मुलाच्या मनात होतं की आपण दोघं कामावर असताना तिजोरीचा आकडा बाबांना माहीत असावा. पण आजोबा बी-2 व्हिसावर, म्हणजे पाहुणे म्हणून तात्पुरते, येतात. ताबा म्हणजे नुसतं हातात धरणं नव्हे, हवं तेव्हा हाती घेता येईल अशी स्थितीही त्यात येते. आकडा माहीत असणं ही तशीच स्थिती झाली असती. मी समोर बसून सांगितलं तेव्हा त्यांना ते लागलं. "मुली, मी आयुष्यभर हत्यार सांभाळलंय," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही, प्रश्न तुमच्या व्हिसाचा आहे." त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मुलाला म्हणाले, "मला आकडा सांगू नकोस." सैनिकाला शिस्तीचं कारण एकदा पटलं की तो वाद घालत नाही. पुढच्या सगळ्या कामात त्यांच्याइतकी मदत मला कुणाचीच झाली नाही.

घराचा नकाशा

टेक्ससच्या उपनगरांत घरांची एक ठरावीक रचना दिसते. आईवडिलांची मोठी खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला, मुलांच्या खोल्या वर, पाहुण्यांची खोली पुढच्या दाराजवळ. हे घर तसंच. सगळीकडे एक सल्ला ऐकायला मिळतो की खोलीत थांबा, दार लावा, 911 ला (इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला) फोन करा. तो चांगला सल्ला आहे, पण इथे मुलं वरच्या मजल्यावर आणि म्हातारी माणसं पुढच्या दाराशेजारी. आईवडील मागच्या खोलीत कुलूप लावून बसले तर घुसणारा आणि बाकीचे चौघं यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

दुसरी अडचण भिंतींची. पुण्यातल्या वीट-काँक्रीटच्या घरात वाढलेल्या माणसाला भिंत म्हणजे आडोसा वाटतो. इथल्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी ठोकलेले अर्धा-अर्धा इंच जाडीचे जिप्समचे पत्रे, मध्ये पोकळी. पिस्तुलाची कुठलीही कामाची गोळी अशा एकामागोमाग अनेक भिंतींतून जाते. ती थांबवणारी जादूची गोळी मिळत नाही. म्हणून आम्ही भर दिवसा, रिकाम्या हातांनी, घर चालून पाहिलं. जिन्याच्या पायथ्यापासून वर गोळी झाडली तर ती मुलीच्या खोलीत जाते. मोठ्या खोलीच्या दारातून पुढच्या दाराकडे झाडली तर बाहेरची विटांची भिंत समोर येते, पण हात थोडा डावीकडे गेला की पाहुण्यांच्या खोलीची भिंत आणि तिला लागून आजीआजोबांचा पलंग. आजोबांनी स्वतःच पलंग ओढून बाहेरच्या भिंतीकडे नेला आणि मधल्या भिंतीला पुस्तकांचं गच्च भरलेलं कपाट लावून घेतलं.

ठरलं ते असं. पुढच्या दाराच्या चौकटीतले आखूड स्क्रू काढून तीन इंची बसवायचे, म्हणजे ते आतल्या लाकडापर्यंत पोहोचतात आणि लाथेनं दार उघडायला वेळ लागतो. मागच्या काचेच्या दाराला काच धरून ठेवणारी फिल्म. सोनं घरातून बँकेच्या लॉकरमध्ये. आवाज आला तर मुलांनी वरच थांबायचं, दोघांनी एकाच खोलीत, दार लावून, जिन्याशी यायचंच नाही. आजीआजोबांनी खोलीत थांबायचं. नवऱ्यानं मोठ्या खोलीच्या दारातून जिन्याचा पायथा आणि पुढचं दार नजरेत ठेवायचं, बायकोनं त्याच्या मागून 911 वर बोलायचं. घरभर शोधत फिरायचं नाही. टेक्ससचा कायदा आपल्या घरात मागे हटायची सक्ती करत नाही, आणि जबरदस्तीनं घुसणाऱ्याविरुद्ध बळ वापरणाऱ्याच्या बाजूनं एक गृहीतकही धरतो. पण गोळी सुटल्यावर ती कुठे गेली याचा हिशेब कायद्याच्या आधी तुमच्याच घरानं मागितलेला असतो.

लांब नळीची शॉटगन किंवा रायफल जास्त परिणामकारक असते, हे मीच त्यांना सांगितलं. तरी पिस्तूल ठरलं, कारण एक हात मोकळा राहतो आणि ते छोट्या पेटीत कुलपात राहतं. या घरात ती दोन्ही कारणं वजनदार होती.

हाताला काय बसतं

.45 चा आग्रह मी आधी सोडवला. 1986 साली मायामीत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या एका चकमकीत दोन एजंट मारले गेले. त्यातून 9 एमएमची (9 मिलिमीटर व्यासाची) गोळी अपुरी असल्याचा निष्कर्ष निघाला आणि संस्था मोठ्या गोळ्यांकडे वळली. .40 एस अँड डब्ल्यू ही गोळी 1990 साली त्याच वाटेनं आली. पुढे गोळ्यांची बांधणी सुधारली आणि 2014 मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागानं 9 एमएमकडे परत जाण्याची कारणं लेखी मांडली: आधुनिक गोळ्यांचा परिणाम जवळपास सारखाच, धक्का कमी, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या खोक्यात) काडतुसं जास्त आणि बहुतेक माणसांचा नेम 9 एमएमनं अधिक अचूक. भारतात सामान्य परवानाधारकाला 9 एमएम मिळत नाही, ती निषिद्ध बोअर (सामान्यांना मनाई असलेली) धरली जाते, त्यामुळे आजोबांच्या पिढीच्या मनात ती फौजेची गोळी आहे. इथे ती सर्रास मिळणारी आणि तुलनेनं स्वस्त.

मग आम्ही भाड्यानं पिस्तुलं देणाऱ्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो. माझा नियम असा की दोघांनी वापरायचं असेल तर निवड कमी जोराच्या हाताची. या घरात तो हात बायकोचा होता. तळहात लहान, त्यात वर्षानुवर्षं कीबोर्डवर काम करून उजवं मनगट दुखरं.

ग्लॉक 19 नवऱ्याला लगेच आवडलं. 15 काडतुसं, जगभर वापर, सुटे भाग कुठेही मिळतात. तिला मात्र त्याची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे खेचताना तीनातल्या एका वेळी अर्ध्यावरच सोडावी लागत होती. पद्धत बदलली तर पुष्कळ फरक पडतो. बहुतेक बायकांना कुणीतरी दोन बोटांच्या चिमटीत स्लाइड धरून ओढायला शिकवलेलं असतं. पूर्ण तळवा वरून घालायचा, स्लाइड घट्ट धरायची आणि पिस्तूल धरलेला हात पुढे ढकलायचा. असं केल्यावर तिला ते जमू लागलं, पण थकल्यावर पुन्हा तेच.

नवऱ्यानं सुचवलं की हिच्यासाठी छोटं रिव्हॉल्व्हर घेऊ. हा सल्ला बायकांना सर्रास दिला जातो आणि मला तो चुकीचा वाटतो. स्मिथ अँड वेसनचं 642 हे पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर वजनाला हलकं म्हणून खिशासाठी उत्तम, पण हलकं म्हणूनच धक्का झोंबरा, आणि चाप इतका जड की लहान हाताचं पहिलं बोट ओढेपर्यंत नळी हलते. पाच गोळ्यांनंतर तिनं ते खाली ठेवलं आणि मनगट चोळत बसली.

स्मिथ अँड वेसनचंच शील्ड ईझेड खास सोप्या स्लाइडसाठी बनवलेलं आहे. .380 या सौम्य गोळीत 2018 साली आलं, मग 9 एमएममध्ये. स्लाइड खरोखरच सहज मागे येते. मॅगझिनमध्ये आठच काडतुसं बसतात, हे घरासाठी मला एवढं खटकत नाही. खटकली ती मुठीच्या मागची सेफ्टी. मूठ पूर्ण दाबली गेली नाही तर पिस्तूल चालत नाही, आणि तिची पकड घाईत वर सरकत होती. हे मॉडेल जुनं विकत घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं: 2020 च्या मार्च ते ऑक्टोबरमध्ये बनलेली ईझेड कंपनीनं हॅमरच्या तपासणीसाठी परत मागवली होती, तेव्हा क्रमांक तपासल्याशिवाय घेऊ नये.

शेवटी वॉल्थरचं पीडीपी एफ. हे 2022 मध्ये आलं. मूठ बारीक, चापापर्यंतचं अंतर कमी, स्लाइडला लागणारा जोर कमी आणि तरीही काडतुसं 15. तिनं पहिल्याच मॅगझिनमध्ये स्लाइड दरवेळी पूर्ण खेचली. नवऱ्याच्या मोठ्या पंजाला ते थोडं लहान वाटलं, पण त्याचे नेम ग्लॉकइतकेच आले. मोठा हात लहान मुठीशी जमवून घेऊ शकतो, लहान हाताला मोठ्या मुठीशी ते जमत नाही. निवड तिथेच झाली. हे पिस्तूल सगळ्यांसाठी श्रेष्ठ असं माझं म्हणणं नाही. दुसऱ्या घरात मी ग्लॉकच घ्यायला लावलं असतं.

काय लावलं आणि काय लावू दिलं नाही

पहिला खर्च तिजोरीचा. टेक्ससमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली आणि मोठ्यांनी ती नीट बंद ठेवलेली नव्हती, तर तो गुन्हा आहे. कायद्यापलीकडेही एक गोष्ट मी प्रत्येक घरात बोलते. 2021 साली अमेरिकेत बंदुकीनं 48,830 मृत्यू झाले आणि त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्यांचे होते. घरात 15 वर्षांची मुलगी आहे, अभ्यासाचा ताण आहे, मैत्रिणींमधले रुसवेफुगवे आहेत. हे बोलताना आईचा चेहरा उतरला. पण हे बाहेरच्या चोराइतकंच खरं आहे आणि कुलूप दोन्हींसाठी लागतं. घरात कुणाच्या मनाची अवस्था बिघडली तर पिस्तूल त्याच दिवशी घराबाहेर न्यायचं, हेही तेव्हाच ठरवून ठेवलं.

नवऱ्याला बोटाच्या ठशावर उघडणारी पेटी हवी होती. ऑक्टोबर 2023 मध्ये इथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं अशा सुमारे 61,000 पेट्या परत मागवल्या. मालकाला वाटत होतं ठसा नोंदला गेला, पण पेटी कुणाच्याही बोटानं उघडत होती. 12 वर्षांच्या एका मुलाचा त्यात जीव गेला. मी जाड पत्र्याची, पाच यांत्रिक बटणांची पेटी सुचवली. बॅटरी नाही, ठसा नाही, अंधारात बोटांनी उघडते. ती पलंगाशेजारच्या कपाटात बोल्टनं पक्की केली. आकडा कुणाचा वाढदिवस नाही, घराचा क्रमांक नाही. दोघंही डोळे मिटून उघडायला शिकली.

मग दिवा. पिस्तुलाखाली स्ट्रीमलाइटचा टीएलआर-7ए बसवला, 500 ल्यूमेनचा. घरात त्याहून जास्त प्रकाश लागत नाही, पांढऱ्या भिंतींवरून तो उलट डोळ्यांवर येतो. त्याबरोबर वेगळी हातातली विजेरी घ्यायला लावली. पिस्तुलावरच्या दिव्यानं काही शोधायचं म्हणजे पाहण्यासाठी नळी रोखायची, हे मला कुठल्याही घरात मान्य नाही.

रेड डॉटबद्दल, म्हणजे नेम धरायला काचेत ठिपका दाखवणाऱ्या उपकरणाबद्दल, आमचं बरंच बोलणं झालं. मी नवशिक्यांना आधी साध्या साइटवर (नळीवरच्या नेम धरायच्या खुणांवर) शिकवते, कारण डॉट नजरेत आणायलाच सराव लागतो आणि घाबरलेला माणूस काचेत तो शोधत बसतो. पण नवऱ्याला चाळिशी लागलेली, प्रोग्रेसिव्ह चष्मा. पुढची साइट स्पष्ट दिसावी म्हणून तो मान मागे टाकून काचेच्या खालच्या भागातून बघायचा आणि मग लक्ष्य धूसर व्हायचं. डॉट असला की नजर लक्ष्यावरच ठेवायची असते. साध्या साइटवर हात बसल्यावर होलोसन कंपनीचा डॉट बसवला, स्क्रू ठरलेल्या जोरानं आवळून, ते सैल न होऊ देणारा थ्रेडलॉकर लावून. रात्री चष्म्याशिवाय त्याला तो ठिपका फाटलेला दिसतो, हा दृष्टिवैषम्याचा परिणाम. उजेड दोन पायऱ्या कमी केल्यावर तो पुरेसा आटोपशीर झाला. चष्मा ठेवायची जागाही पेटीजवळ ठरवली.

लेझर, कॉम्पेन्सेटर, हलका चाप हे सगळं यादीतून गेलं. कॉम्पेन्सेटरनं बंद खोलीत आवाज आणि झोत वाढतो. चाप हलका करून घेणं मला दोन कारणांनी नको वाटतं: भीतीनं थरथरणाऱ्या बोटाखाली तो आधीच सुटू शकतो, आणि उद्या न्यायालयात उभं राहायची वेळ आली तर कारखान्यातून आला तसाच चाप असलेला बरा. कवट्या आणि धमकीची वाक्यं कोरलेल्या प्लेटांनाही माझा हाच नकार असतो. सायलेन्सर टेक्ससमध्ये 1934 च्या फेडरल कायद्याखाली नोंदणी करून मिळतो आणि बंद घरात कानांसाठी त्याचा उपयोग आहे, पण पिस्तूल लांब होतं, पेटी मोठी लागते, आणि या घराची पहिली गरज ती नव्हती. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक कानटोप पेटीशेजारी. 9 एमएमचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास जातो, आणि हा कानटोप तो दाबतो पण माणसाचं बोलणं ऐकू देतो.

काडतुसं: सरावाला साधी पूर्ण तांब्याच्या आवरणाची, घरासाठी फेडरल कंपनीची 124 ग्रेन वजनाची एचएसटी होलो पॉइंट, म्हणजे टोकाशी पोकळ गोळीची. एफबीआयच्या चाचणीत गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात 12 ते 18 इंच शिरावी अशी अपेक्षा असते, ही त्यात बसते. त्यांच्याच पिस्तुलातून तीच काडतुसं पुरेशी झाडून, एकदाही अडकत नाही हे पाहिलं आणि मगच ती पेटीत ठेवली.

अंधारातली तालीम

माझ्या शिकवण्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग हा. निळ्या प्लास्टिकचं खोटं पिस्तूल, ज्यातून काहीच सुटत नाही, खाली तसाच दिवा लावलेला. खरं पिस्तूल पेटीत, काडतुसं दुसऱ्या खोलीत. घरातले दिवे बंद, मुलं वर, मी पुढच्या दाराशी खाट्खुट करणारी. नवरा मोठ्या खोलीच्या दारात आला, थांबला, कान दिला. इथवर सगळं ठरल्यासारखं.

आजोबांना झोप लागेना म्हणून ते आम्हाला न सांगता पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरातून सावली बाहेर आली आणि नवऱ्यानं निळं पिस्तूल वर करून दिवा लावला. 500 ल्यूमेनच्या झोतात त्याचे वडील उभे, हातात पेला. बोट चापावर गेलं नव्हतं, एवढं शिक्षण लागू पडलं होतं. पण नळी थेट त्यांच्या छातीवर होती. आजोबा हलले नाहीत. "दिवा खाली कर," एवढंच म्हणाले. नवरा जमिनीवर बसला. बायको बाहेर आली, सगळे दिवे लावले, आणि त्या रात्री पुढची तालीम झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही क्रम बदलला. आधी हाक, मग हातातली विजेरी छताकडे किंवा जमिनीकडे, म्हणजे उसळलेल्या उजेडात माणूस दिसतो आणि नळी कुणावर जात नाही. पिस्तूल छातीशी, नळी खाली. ओळख पटेपर्यंत ते वर येत नाही. हाक मराठीत: "कोण आहे?" घरातल्यानं काय उत्तर द्यायचं तेही ठरलं. मुलाची आजीशी बोलायची भाषा अर्धी इंग्रजी, पण एवढं उत्तर तोही आता झोपेत देतो. पायरीपायरीवर आणि स्वयंपाकघराच्या वाटेवर भिंतीतले मंद रात्रीचे दिवे लावले. साऱ्या खरेदीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि माझ्या मते या घराला सगळ्यात जास्त वाचवणारी. आजोबांनी रात्री उठण्याआधी खोलीतला दिवा लावायची सवय स्वतःहून घेतली.

त्यानंतर बायकोचा पवित्रा बदलला. आधी ती नवऱ्यासाठी येत होती, मग स्वतःसाठी येऊ लागली. आता घरात कोरड्या सरावाची (गोळी न झाडता करायच्या सरावाची) शिस्त तिचीच: खोटी काडतुसं, खरी दुसऱ्या खोलीत, आणि नळी नेहमी बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे.

भारतात जाताना

डिसेंबरात ते सगळे पुण्याला जाणार होते आणि घर सांभाळायला तोच एच-1बीवरचा मित्र राहायला येणार होता. पेटीला कुलूप आणि आकडा त्याला माहीत नाही, म्हणजे कायद्यानं बहुधा चाललं असतं. पण परदेशी नागरिकाच्या व्हिसावर असा वाद ओढवायचा कशाला? पिस्तूल आणि काडतुसं टेक्ससमध्येच राहणाऱ्या, नागरिक असलेल्या एका नातेवाइकाच्या तिजोरीत गेली. मित्राला तसं स्पष्ट सांगितलं, म्हणजे घरात काय आहे आणि काय नाही याबद्दल त्याच्या मनात शंका राहिली नाही.

निघण्याआधी मी त्यांना सगळ्या बॅगा उलट्या करायला लावल्या. भारताच्या विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्र कायदा, 1959 खाली गुन्हा नोंदला जातो. विसरून राहिलं होतं हे सांगत वकील आणि न्यायालय यांत सुट्टी जाते. इथल्या रेंजवर जाणारी माणसं तीच पाठपिशवी घेऊन विमानात बसतात, आणि छोटं काडतूस अस्तराच्या शिवणीत सहज अडकून राहतं. त्यांच्या बॅगांत काही सापडलं नाही. तरी रेंजची पिशवी वेगळ्या रंगाची घेतली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि ती गॅरेजमधल्या कपाटाबाहेर फक्त रेंजसाठी येते. परत आल्यावर दिव्याच्या आणि डॉटच्या बॅटऱ्या बदलल्या, पेटीचा आकडा बदलला, आणि आजोबांच्या पुढच्या मुक्कामाआधी पुन्हा एकदा रात्रीची तालीम घ्यायची असं ठरलं आहे.